गॅसच्या उजेडातली चित्रं

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. दिवसभर शहर पालथं घालणाऱ्या प्रवाशाला ही आपलीच सोय वाटते. पण रात्री संग्रहालय उघडं ठेवण्याची ही रीत सुरू झाली ती कामगारांसाठी.

जून १८५७ मध्ये हे संग्रहालय साउथ केन्सिंग्टन म्युझियम या नावाने सुरू झालं. त्याचे पहिले संचालक हेन्री कोल. तेव्हाचा लंडनचा कारागीर सोमवार ते शनिवार राबायचा आणि रविवारी सरकारी संग्रहालयांना कुलूप असायचं. धर्माचा दिवस म्हणून पाळलेलं हे कुलूप निघायला १८९६ साल उजाडलं. मग तोवर या कारागिराने चित्रं पाहायची कधी? रात्री, असं कोल म्हणाले. बायकामुलांसह संध्याकाळ घालवायला चांगली जागा मिळाली तर माणसाची पावलं गुत्त्याकडे वळणार नाहीत, हा त्यांचा ठाम विश्वास होता.

अडचण उजेडाची होती. लष्करी अभियंते कॅप्टन फ्रान्सिस फोक यांनी संग्रहालयातल्या शीपशँक्स चित्रदालनात गॅसचे दिवे बसवले. आग लागेल, जळत्या गॅसमुळे तैलरंग बिघडतील, अशी भीती अनेकांना होती. मायकेल फॅरडे आणि जॉन टिंडल यांच्यासारखे शास्त्रज्ञ असलेल्या समितीने १८५९ मध्ये निर्वाळा दिला: दिवे नीट बसवले आणि हवा खेळती ठेवली तर चित्रांना धोका नाही.

दिवसभर खपून आलेल्या माणसाला भूकही लागते. म्हणून इथे उपाहारगृह काढलं, जगातल्या कुठल्याही संग्रहालयातलं पहिलं. विल्यम मॉरिस यांच्या कंपनीने सजवलेली हिरवी खोली आणि शेजारचं चकचकीत टाइल्सचं गॅम्बल दालन आजही चहा-खाण्यासाठी खुलं आहे.

माझे वडील मुंबईत लालबागला गिरणीत होते. भायखळ्याचं संग्रहालय घरापासून लांब नव्हतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी खटपट करून उभं केलेलं, १८७२ पासून लोकांसाठी खुलं. तरी वडिलांनी ते पाहिलं ते सुटीच्याच दिवशी, राणीच्या बागेच्या गर्दीतून वाट काढत, आम्हा पोरांचे हात धरून. तिथल्या जुन्या मुंबईच्या मातीच्या प्रतिकृती त्यांना फार आवडायच्या. कामाच्या दिवशी संध्याकाळी तिथे शांतपणे उभं राहण्याचं सुख त्यांना कधी मिळालं नाही. लंडनला त्या दालनांतून हिंडताना मला त्यांचीच आठवण येत होती.

संग्रहालय फुकट असणं पुरेसं नाही. कष्टकऱ्याला सवड असते त्या वेळी ते उघडं असलं पाहिजे. कोल यांनी हे ओळखलं, म्हणून मी त्यांना मोठा माणूस मानते. आपल्याकडची बहुतेक संग्रहालयं दिवेलागणीआधीच बंद होतात. आठवड्यातली एक रात्र तरी ती उघडी ठेवा, ही मागणी आपण आता लावून धरायला हवी.