आठ डॉलरपासून आजपर्यंत : आपल्या परदेशवारीचा हिशेब

यंदा आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. नोंदणी २००० सालची. त्याच वर्षी १ जूनला परकी चलनाचा ‘फेमा’ कायदा लागू झाला. आज मे महिन्यात आपल्या जिन्यावर चाकांच्या बॅगांचा खडखडाट ऐकू येतो, कुणी थायलंडला निघालेलं असतं तर कुणी दुबईला. त्याचं मूळ बऱ्याच अंशी या कायद्यात आहे.

तसं पाहिलं तर परदेश आपल्या दारात फार आधी आला. तारापूरचं अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं ते उभारलं, त्यासाठी तिकडचे इंजिनियर इथे येऊन राहिले. पण इथल्या माणसानं स्वतःच्या पैशानं तिकडे फिरायला जावं, हे त्या काळी जवळपास अशक्य. पगार बेताचा, आणि पैसा असला तरी डॉलर मिळत नसे. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्यानं परकी चलनावर कडक पहारा बसवला होता. रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ भरायचा आणि हातात पडायचे आठ डॉलर! एवढ्यात बजेट कसलं करणार? तिकडे मामा किंवा चुलतभाऊ असला तर त्याच्या घरी उतरायचं, हेच बजेट. नोकरदारांना एलटीसीचा आधार होता, पण त्यावरची इन्कम टॅक्सची सूट भारतातल्याच प्रवासाला. आजही तसंच आहे. म्हणून आपल्या जुन्या अल्बममध्ये काश्मीर, उटी, कन्याकुमारी सापडतात, पॅरिस नाही.

१९९१ साली देशाची तिजोरी रिकामी झाली, सोनं गहाण टाकावं लागलं. रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि मग हळूहळू दारं उघडली. याच सुमारास मराठी घरांना परदेशाची वाट दाखवली ती सहल कंपन्यांनी. त्यातले केसरी पाटील आपल्याच पालघर तालुक्यातले, मथाण्याचे. शिक्षकी करून पुढे सहलींच्या व्यवसायात आलेल्या या माणसानं १९८४ साली ‘केसरी’ सुरू केली. जेवणाची आणि भाषेची भीती अशा सहलींनी घालवली, हे सगळेच सांगतात. पण त्यांनी आणखी एक मोठं काम केलं. विमान, हॉटेल, बस, जेवण मिळून किती, हा आकडा रुपयांत आधीच समोर ठेवला. आकडा कळला की मध्यमवर्गीय माणूस साठवायला लागतो.

फेमा आला तेव्हा खाजगी प्रवासासाठी माणशी वर्षाला पाच हजार डॉलर सहज मिळू लागले. २००४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या योजनेत मर्यादा पंचवीस हजारांची झाली, २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे पूर्वी मर्यादा सरकार घालायचं, आता ती आपली आपणच घालायची. खरी गोम इथेच आहे.

कारण डॉलर मोकळा झाला, तसा महागही झाला. २००० साली तो ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या मध्याला ८६ च्या घरात. चौघांचं कुटुंब, सहा दिवस, जेवणखाण आणि फिरणं माणशी रोज ४० डॉलर धरा : ९६० डॉलर. २००० साली ४३,२०० रुपये लागले असते, ८६ च्या दरानं ८२,५६०. तेव्हा शेजाऱ्यांनी चार वर्षांपूर्वी किती खर्च केला, यावर आपलं बजेट बांधू नये.

काही खर्च तर यादीत येतच नाहीत. टूर पॅकेजवर टीसीएस आधी भरावा लागतो; २०२५ साली तो १० लाखांपर्यंत ५ टक्के होता. तीन लाखांच्या सहलीला तेव्हा पंधरा हजार. ते रिटर्न भरताना हिशेबात मिळतात, पण निघताना खिशात हवेत. थायलंड, मलेशियाला २०२५ साली आपल्याला व्हिसा लागत नव्हता. युरोपच्या शेंगेन व्हिसाला मोठ्या माणसाला ९० युरो पडतात. प्रवासाचा विमा हवाच. आणि आपलं बोईसर! लोकल १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत आली खरी, पण मध्यरात्रीच्या विमानासाठी बॅगा घेऊन गाडीच करावी लागते, जाताना आणि येताना. या सगळ्यावर दहा टक्के हाताशी ठेवावेत.

मग पैसा आणायचा कुठून? उत्तर आपल्या सोसायटीच्याच वहीत आहे. इमारतीच्या मोठ्या कामासाठी आपण दरवर्षी सिंकिंग फंड बाजूला काढतो. ज्या सोसायट्या तो काढत नाहीत, त्यांच्याकडे ऐनवेळी जादा वर्गणीची नोटीस लागते आणि मग सभेत आवाज चढतात. सहलीचंही तसंच. तीन लाख हवे असतील तर महिना दहा हजार, अडीच वर्षं. महिना पाचच हजार निघत असतील तर पाच वर्षं थांबा, किंवा जवळचा देश आणि कमी रात्री घ्या. हप्त्यावर सहल करून आल्यावर फोटो जुने होतात, हप्ते चालूच राहतात.

मात्र साठवण्याच्या नादात दुसरं टोकही गाठू नये. आपल्या पहिल्या पिढीनं घराचं कर्ज, मुलांची शिक्षणं, लग्नं यांत स्वतःची सहल पुढे ढकलली. आठ डॉलरच्या काळात ती सवयच लागली होती. आता ते बंधन नाही. म्हणून वर्षाचं बजेट मांडताना शाळेची फी, मेंटेनन्स आणि विम्याच्या खाली एक ओळ सहलीचीही लिहावी, आणि त्या सहलीत घरातल्या आजी-आजोबांची तिकिटं आधी धरावीत. रुपये पुढच्या वर्षी पुन्हा जमतील, चालते गुडघे जमतीलच असं नाही.