सहीचा ताबा : नवापूरच्या जमीन-दप्तरातील एक बदल

जमिनीचा कागद अस्सल आहे हे ठरविण्याची साधने काळानुसार बदलत गेली, परंतु ते साधन कोणाच्या ताब्यात राहावे हा प्रश्न प्रत्येक राजवटीत कायम राहिला. मराठेशाहीतील महजरावर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याच्या कागदावर, पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. तर राजपत्राच्या अखेरीस मोर्तब उमटविले जाई, जेणेकरून त्याखाली नवी ओळ घुसडता येऊ नये. नांगराची आकृती कोणालाही काढता आली असती. तिला वजन येई ते समक्ष जमलेल्या गोतामुळे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला, १९०६ मध्ये पश्चिम खानदेश वेगळा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा निर्माण होऊन नवापूर तालुका त्यात गेला. या प्रदेशात भिल्ल, मावची आणि कोकणी शेतकऱ्यांच्या जमिनीची नोंद हा केवळ कारकुनी विषय कधीच नव्हता. आदिवासींच्या जमिनी परत करण्यासंबंधीचा १९७४ चा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरांना लागू होतो. त्यामुळे फेरफार कोणत्या तारखेचा व तो कोणी प्रमाणित केला, यावर एखाद्या कुटुंबाचा हक्क टिकतो किंवा बुडतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. या स्वाक्षरीच्या मुळाशी गणिताने जोडलेल्या दोन किल्ल्या असतात: खासगी किल्लीने सही होते आणि सर्वांना उपलब्ध असलेल्या सार्वजनिक किल्लीने ती पडताळता येते. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. सही मजकुराच्या गणिती गोषवाऱ्याशी बांधलेली असल्यामुळे एक आकडा बदलला तरी पडताळणी फसते, म्हणजेच मोर्तबाचे काम येथे प्रत्येक अक्षरापर्यंत पोहोचते. सार्वजनिक किल्ली कोणाची हे परवानाधारक प्रमाणन संस्था प्रमाणपत्राद्वारे सांगते व त्या संस्थेची हमी केंद्रीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रावरून मिळते. म्हणून नवापुरात झालेली सही गुजरात सीमेपलीकडच्या उच्छलमध्येही, तलाठ्याचे अक्षर न ओळखता, तपासता येते.

मात्र गोताची साक्ष येथे नाही, आणि म्हणूनच ताब्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा कठोर झाला आहे. खासगी किल्ली यूएसबी टोकनमधील चिपमध्येच तयार होते व तिची नक्कल बाहेर काढता येऊ नये अशी त्याची रचना असते. तथापि टोकन आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हाती दिल्यास गणित खरा धारक आणि परका यांत फरक करू शकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ किल्लीवर ताबा राखण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावरच टाकते आणि किल्ली इतरांच्या हाती गेल्यास विनाविलंब प्रमाणन संस्थेला कळविण्यास बजावते, जेणेकरून प्रमाणपत्र रद्द व्हावे. कामाच्या सोयीसाठी टोकन सहकाऱ्याकडे ठेवणे ही किरकोळ सवलत मुळीच नव्हे. तो अधिकारच सोपविणे होय.

आणखी एक अडचण अधिक खोल आहे. प्रमाणपत्राची मुदत जेमतेम दोन-तीन वर्षांची, तर जमिनीचा वाद पिढ्यांचा. मुदत संपल्यावर वा प्रमाणपत्र रद्द झाल्यावर जुनी सही ग्राह्य ठरवायची, तर ती प्रमाणपत्र वैध असतानाच झाली होती याचा विश्वसनीय कालशिक्का जपावा लागतो, आणि हे जपणे तलाठ्याच्या टोकनचे नव्हे, तर शासकीय दप्तराचे काम आहे.