फुंकर मारून काय व्हायचं?

कॅसेट काढा, फुंकर मारा, परत घाला. आपल्यासारखंच हे अमेरिकेतही घरोघरी चालायचं.

१९८३ला तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, दुकानदार गेम ठेवायला तयार नव्हते. म्हणून निन्टेंडोने १९८५मध्ये आपलं मशीन व्हीसीआरसारखं केलं. कॅसेट पुढून सरकवायची, मग खाली दाबायची. त्या दाबादाबीत आतल्या ७२ पिना सैल पडायच्या.

पण लाल दिवा लुकलुकायचा तो एका चिपमुळे. बिनपरवाना कॅसेट अडवायला ती बसवलेली. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचा संपर्क तुटला की ती मशीन सारखं रिसेट करायची. म्हणजे कुलूप चोरासाठी, बाहेर राहिला घरमालक! दुरुस्तीवाल्यांनी चिपची चौथी पिनच तोडली, लुकलुक थांबली. (फुंकरीच्या ओलाव्याने उलट गंज चढतो, स्पिरिट आणि कापूस वापरा.)

१९९३च्या मॉडेलमधून ती चिप कंपनीनेच काढून टाकली.