ऱ्होडोडेंड्रॉन व ॲझेलिया

एरिकेसी कुलातील शोभिवंत फुलझाडे. हिमालयातील जातींना हिंदीत बुरांस व नेपाळीत गुरांस म्हणतात. बागाईतदार ही झाडे दोन वेगळ्या वंशांतील समजतात. कार्ल लिनीअस यांनीही १७५३ मध्ये पाच केसरदलांचा ॲझेलिया व दहा केसरदलांचा ऱ्होडोडेंड्रॉन असे दोन वंश मानले होते. हा भेद सर्वत्र लागू पडत नसल्याने जॉर्ज डॉन यांनी १८३४ मध्ये दोन्ही एकत्र केले. तरीही बागेत ओळख पटविण्यास केसरदलांची संख्या बरीच उपयोगी पडते. पानझड ही खूण मात्र फसवी होय, कारण जपानी ॲझेलिया बहुधा सदापर्णी असतात. पानाची खालची बाजू भिंगातून पाहणे अधिक चांगले : काही जातींत तेथे सूक्ष्म खवले असतात, तर इतरांत ते नसून पुष्कळदा दाट लव असते. या दोन गटांत संकर क्वचितच साधतो.

हिमालयातील तांबड्या फुलांची आर्बोरियम ही जाती इंग्लंडमध्ये १८२५ मध्ये प्रथम फुलली. खरी भर पडली ती जोसेफ डाल्टन हुकर यांच्या सिक्कीममधील संचारामुळे (१८४८–५०). त्यांनी वर्णिलेल्या जातींना डलहौसी, फाल्कनर, हॉजसन अशी इंग्रजी नावे मिळाली. वाटा दाखविणाऱ्या व ओझी वाहणाऱ्या लेपचा लोकांची मिळाली नाहीत. या वनस्पतिसंग्रहास राजकारणाची किनार होती. नोव्हेंबर १८४९ मध्ये हुकर व दार्जिलिंगचे अधीक्षक आर्चिबाल्ड कँबेल यांना सिक्कीम दरबाराने अटकेत ठेवले. सुटकेनंतर इंग्रजांनी १८५० मध्ये सिक्कीमचा तराईचा मुलूख बळकाविला. हुकर हिमालयात असतानाच या फुलांवरील त्यांच्या सचित्र ग्रंथाचा पहिला भाग लंडनमध्ये निघाला होता. त्यांनीच वर्णिलेली नीव्हियम ही जाती आता सिक्कीमचा राज्यवृक्ष आहे.

या झाडांना आम्लधर्मी, निचऱ्याची व पालापाचोळ्याच्या खताने भुसभुशीत झालेली जमीन, थंड हवा व विरळ सावली लागते. मुळे बारीक व उथळ असल्याने खोल लागवड अथवा बुडाशी खुरपणी करू नये. चुनखडीयुक्त जमिनीत पाने पिवळी पडतात. दख्खनच्या काळ्या जमिनीत म्हणूनच ती तग धरत नाहीत.

ब्रिटनमध्ये १७६३ मध्ये आलेल्या पाँटिकम जातीच्या खुंटावर पुढे नाजूक जातींची कलमे बांधीत. खुंटाचे फुटवे वेळीच न काढल्यास कलम मरते व जांभळट फुलांचा पाँटिकम उरतो. तेथील जुन्या उद्यानांत एकाच झाडावर दोन रंगांची फुले दिसल्यास प्रथम बुंधा तपासावा. पाँटिकम बागेबाहेरही पसरला असून त्याच्या दाट सावलीखाली तेथील मूळची रोपे वाढू शकत नाहीत. त्याच्या निर्मूलनावर आज मोठा खर्च होतो.