चेनला झोल हवाच

सुरुवातीच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत न्यायचं काम चामड्याचा पट्टा करी. कोरड्या, सपाट रस्त्यावर त्याचं बरं चाले. पाऊस लागला किंवा चढ आला की पट्टा घसरे, सैल पडे आणि स्वाराला वाटेतच उतरून तो पुन्हा ताणावा लागे.

यावरचा उपाय खरं तर तयार होता. स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला आलेल्या हान्स रेनॉल्ड यांनी 1879 मध्ये सॅलफर्डमधला एक छोटा कारखाना विकत घेतला. तिथे कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनत. पुढच्याच वर्षी, 1880 मध्ये, रेनॉल्ड यांनी बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. पिनेभोवती बुश आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर, अशी तिची रचना. त्यामुळे झीज एका जागी न होता पिनेच्या लांबीभर पसरली. ही चेन आधी सायकलला लागली, मग मोटारसायकलला. 1911 मध्ये आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत पहिल्यांदा डोंगरी मार्गावर झाली. त्या वर्षी सीनियर टीटीचे पहिले तीनही क्रमांक अमेरिकेच्या ‘इंडियन’ गाड्यांनी पटकावले. त्या गाड्या चेनवर चालत.

चेन किती ताणायची, हा प्रश्न तेव्हा सोपा होता. मागचं चाक फ्रेमला घट्ट बांधलेलं असे, त्यामुळे चेन ज्यांवर फिरते त्या दोन दातेरी चाकांमधलं, म्हणजे स्प्रॉकेटांमधलं, अंतर बदलत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून एका खिळ्याभोवती वर-खाली झुलणारा दांडा, रुळला आणि हिशेबच बदलला. 1949 मध्ये बाजारात आलेली रॉयल एनफिल्ड बुलेट या नव्या पिढीतली. स्विंगआर्मचा खिळा पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे असतो. म्हणून चाक वर-खाली झालं की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की ते सर्वाधिक होतं आणि चेन सर्वांत ताठ होते. स्टँडवर गाडी लावून चेन ताठ आवळली, तर डबलसीट खड्ड्यात जाताना तिला जागाच उरत नाही. तो ओढा गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. फार सैल ठेवली, तर ती दात सोडते, कधी उतरून चाकच जाम करते.

1955 पासून मद्रासला बुलेट बनू लागली. तिच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना खाचांच्या चकत्या असत, गोगलगायीच्या शंखासारख्या मध्यापासून रुंद होत जाणाऱ्या. चकती एक खाच फिरवली की चाक थोडं मागे सरके. दोन्हीकडे खाच सारखी हवी, नाहीतर चाक तिरकं बसून चेन एका बाजूने झिजणार.

1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 ची चेन पूर्ण कव्हरमध्ये बंद होती. धूळ-चिखलापासून तिचा बचाव झाला, साडी-ओढणी अडकण्याचा धोकाही घटला. तपासणीसाठी कव्हरला रबरी बुचाचं भोक ठेवलेलं असे. मेकॅनिक बूच काढून चेन बोटाने वर-खाली करून पाहतो. अशा शंभर सीसीच्या गाड्यांत साधारण 20 ते 30 मिमी झोल ठेवतात. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक फिरवत सर्वांत ताठ जागा शोधायची आणि माप तिथेच घ्यायचं. एक्सल नट आवळताना चाक किंचित सरकू शकतं, त्यामुळे शेवटी तेच माप पुन्हा घेतलं जातं.