मूळ संहितेतून कंपायलर : जीसीसीची बांधणी, चाचणी आणि महाराष्ट्रातील कंपायलर-अध्ययन

प्रस्तावना

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 1918 च्या सुमारास विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, ही हकीकत या शहरात सर्वपरिचित आहे. परकीय यंत्र वापरता येणे आणि ते घडविता येणे या दोन भिन्न पातळ्या आहेत, हे त्या प्रयोगाने येथे फार पूर्वीच दाखवून दिले होते. संगणकाच्या क्षेत्रात हाच भेद कंपायलरच्या संदर्भात सर्वांत स्पष्टपणे दिसतो. मनुष्याला वाचता येणाऱ्या भाषेतील आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कार्यक्रम म्हणजे कंपायलर होय. परिभाषेत त्याला ‘संकलक’ म्हटले जाते; परंतु वर्गात आणि प्रयोगशाळेत रूढ झालेला शब्द कंपायलर हाच आहे. हा कार्यक्रमही कोणत्या तरी भाषेत लिहिलेला असतो, आणि त्याचे रूपांतर करण्यास दुसरा कंपायलर लागतो. हे कोडे 1962 मध्ये एमआयटीतील हार्ट आणि लेव्हिन यांनी लिस्प भाषेसाठी सोडविले. त्यांचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिलेला होता आणि त्याने स्वतःचेच रूपांतर केले.

मुक्त-स्रोत कंपायलर मूळ संहितेतून बांधणे व त्याची चाचणी घेणे ही कृती महाराष्ट्रातील कंपायलर-अध्ययनात कशी व किती रुजली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

मुंबईतील पूर्वपीठिका

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक देशातच बांधला गेला आणि 1960 मध्ये तो पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाला. यंत्र स्वतःचे होते. आज्ञावली मात्र थेट यंत्राच्या भाषेजवळ राहून लिहावी लागे. 1964 मध्ये त्याच संस्थेत आलेल्या सीडीसी 3600 या अमेरिकन यंत्राबरोबर फोर्ट्रानचा कंपायलर आला आणि संशोधकांचे काम पुष्कळ सुकर झाले. तथापि एक अदलाबदल नकळत घडून गेली. यंत्र घडविणारे हात आता तयार कंपायलरचे वापरकर्ते झाले. या अदलाबदलीची खंत त्या काळी कोणास वाटली असेल असे दिसत नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. भौतिकशास्त्रज्ञाला उत्तर हवे होते, कंपायलर नव्हे.

कंपायलर हाच अभ्यासविषय म्हणून प्रस्थापित करण्याचे श्रेय पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे, विशेषतः डी. एम. ढमढेरे यांच्याकडे जाते. त्यांचा कंपायलर-रचनेवरील इंग्रजी ग्रंथ 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, कोल्हापुरात केआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झाले. मॉरेल आणि रेन्व्हॉइझ यांनी 1979 मध्ये मांडलेल्या, निरर्थक पुनर्गणना टाळण्याच्या पद्धतीत ढमढेरे यांनी केलेल्या सुधारणांची जागतिक संशोधनात दखल घेतली गेली. पुढे उदय खेडकर यांच्यासमवेत त्यांनी 1994 मध्ये प्रवाह-विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत मांडला. मात्र हे सर्व प्राधान्याने सिद्धांताचे काम होते. प्रत्यक्ष वापरातील मोठा कंपायलर उघडून पाहण्याची सोय तोवर फारशी नव्हतीच, कारण व्यापारी कंपायलरांची मूळ संहिता ग्राहकाला मिळत नसे.

जीसीसीचे आगमन

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये जीसीसी मूळ संहितेसह खुला केला, तेव्हा ही अडचण तत्त्वतः दूर झाली. पण संहिता उपलब्ध असणे म्हणजे ती समजणे नव्हे. लक्षावधी ओळींचा हा डोलारा नवख्या वाचकाला पार गोंधळवून टाकतो. खेडकर, अमिताभ सन्याल, सुप्रतिम बिस्वास आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारत सरकारच्या अर्थसाहाय्याने पवईत उभारलेल्या जीसीसी संसाधन केंद्राचे महत्त्व येथेच आहे. या केंद्राच्या कार्यशाळांत जीसीसीची संहिता पहिल्या ओळीपासून वाचावयास सांगितली जात नसे. आधी कंपायलर बांधावा, मग त्याला छोटी आज्ञावली देऊन प्रत्येक टप्प्यावरील अंतर्गत रूप छापून घ्यावे, आणि त्यावरून आतील यंत्रणेचा अंदाज बांधावा, असा क्रम होता. स्पिम या शैक्षणिक सिम्युलेटरसाठी लक्ष्ययंत्राचे वर्णन पायरीपायरीने वाढवीत नेण्याचा अभ्यासही तेथे तयार झाला. खेडकर, सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्या 2009 मधील प्रवाह-विश्लेषणावरील ग्रंथात सिद्धांताला जीसीसीमधील प्रत्यक्ष अंमलबजावणीची जोड आहे. 1983 चा ग्रंथ आणि 2009 चा ग्रंथ शेजारी ठेवले असता मधल्या पाव शतकात काय बदलले ते ध्यानी येते. पुण्यात केपीआयटी कमिन्स या कंपनीने रेनेसासच्या प्रोसेसरांसाठी जीएनू साधनांचे संच विनामूल्य पुरविले, ही त्याच काळातील उद्योगक्षेत्राची बाजू.

बांधणीचे तीन टप्पे

जीसीसीची संपूर्ण बांधणी तीन टप्प्यांत होते. संहितेची निर्देशिका अलग ठेवून वेगळ्या निर्देशिकेत प्रथम ‘कॉन्फिगर’ चालविले जाते. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही गणिती ग्रंथालये आधी हाताशी असावी लागतात. नवशिक्याचा पहिला दिवस बहुधा यांतच जातो. नंतर ‘मेक’ ही आज्ञा दिली की यंत्रावर आधीच असलेला कंपायलर पहिल्या टप्प्यातील जीसीसी तयार करतो. तो जीसीसी त्याच संहितेतून दुसऱ्या टप्प्यातील जीसीसी घडवितो, आणि दुसरा तिसऱ्याला. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांतील फाइली ताडून पाहिल्या जातात. पहिल्या टप्प्याची तुलना निरुपयोगी असते, कारण तो परक्या कंपायलरच्या हातून घडलेला असतो. दुसरा आणि तिसरा मात्र एकाच संहितेच्या, एकाच रीतीने वागणाऱ्या दोन कंपायलरांकडून झालेल्या रूपांतराचे फळ असल्याने ते तंतोतंत जुळलेच पाहिजेत. न जुळल्यास बांधणी तेथेच थांबते.

हे जुळणे शुद्धतेचे प्रमाण नव्हे. दोन्ही वेळा एकच चूक झाली तर तुलना यशस्वीच ठरेल. म्हणून ‘मेक चेक’द्वारे डेजाजीएनू या चौकटीत हजारो छोट्या चाचण्या चालविल्या जातात. त्यांच्या निकालांचे वाचन ही स्वतंत्र विद्या आहे. काही अपयशे आधीच ज्ञात असून ती ‘अपेक्षित अपयश’ म्हणून नोंदली जातात. काही चाचण्या त्या यंत्रावर लागूच पडत नाहीत. शून्य अपयश हे येथे ध्येय नसते. बदल करण्यापूर्वीचा निकाल आणि नंतरचा निकाल यांत नवे अपयश दिसते काय, एवढाच प्रश्न असतो. तरीही दोष निसटतातच. युटा विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये यादृच्छिक आज्ञावल्या निर्माण करणाऱ्या ‘सीस्मिथ’ या साधनाच्या आधारे विविध सी कंपायलरांतील 325 हून अधिक अज्ञात दोष दाखवून दिल्याची नोंद केली. त्यांत जीसीसीही होता.

विश्वासाचा प्रश्न

केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार-व्याख्यानात याहून गंभीर शक्यता मांडली. संहितेत कोठेही न दिसणारा घातक अंश कंपायलर स्वतःच्या पुढील पिढीत गुपचूप उतरवू शकतो. तीन टप्प्यांची तुलना त्याला पकडू शकत नाही. डेव्हिड व्हीलर यांनी दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरकडून पडताळणी करण्याची पद्धत सविस्तर मांडली. 2023 मध्ये गिक्स प्रकल्पाने अवघ्या 357 बाइटांच्या बीजापासून संपूर्ण साधनसाखळी उभी करून दाखविली. स्वावलंबन हा शब्द संगणकाच्या बाबतीत सैलपणे वापरला जातो. त्याची किंमत या दोन प्रयत्नांवरून कळते.

जिल्हा पातळीवर

पवईतील या कार्याचा प्रवाह जिल्ह्यांतील महाविद्यालयांपर्यंत क्षीण होत पोहोचला. पदवीच्या प्रयोगवहीत सर्वसाधारणपणे लेक्स आणि याक यांच्या साहाय्याने बेरीज-वजाबाकी करणारा लहानसा कार्यक्रम असतो. त्याचे मोल नाकारता येत नाही, पण वापरातील कंपायलरशी त्याचा सांधा विद्यार्थ्याला दिसत नाही. अडचणी खऱ्या होत्या. कमी स्मृतीच्या यंत्रांवर तीन टप्प्यांची बांधणी अनेक तास चाले आणि प्रात्यक्षिकाचा तास दोनच तासांचा. स्वयंबांधणी बंद ठेवणारा पर्याय निवडल्यास वेळ वाचतो. परंतु मग दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यांची तुलना, म्हणजे नेमका शिकविण्याजोगा भाग, गळून पडतो. केवळ सी भाषेपुरती बांधणी मर्यादित ठेवून तीन टप्पे राखणे हा अधिक योग्य मार्ग होय. आजच्या साध्या संगणकावर ते काम रात्री सुरू केले तर सकाळपर्यंत सहज पूर्ण होते. चाचण्यांच्या निकालांचे दोन संच, बदलापूर्वीचा आणि नंतरचा, विद्यार्थ्याने वहीला जोडावेत आणि त्यांतील एका फरकाचे कारण तोंडी परीक्षेत सांगावे, अशी नोंद प्रात्यक्षिकाच्या गुणविभागणीत करण्यास कोणत्याही नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही.