काडतूस नेमबाजाचे, निवड सैन्याची

हजार यार्डांवरच्या, म्हणजे 914 मीटरवरच्या निशाणासाठी रायफलचे कोणते काडतूस घ्यावे, या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा गणिताच्या अंगाने होते. गोळीचे वजन, नळीतून सुटतानाचा वेग, वाऱ्याने होणारे विचलन यांचे तक्ते मांडायचे आणि त्यांतून उत्तर काढायचे, अशी ही पद्धत आहे. इतिहास पाहिला तर मात्र वेगळेच दिसते. गणिताचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच हाती आले होते: बारीक व्यासाची, लांब आणि व्यासाच्या मानाने जड गोळी, तिच्यामागे बेताची दारू आणि खांद्याला सोसेल इतका धक्का. तरीही पुढची दीडशे वर्षे बहुसंख्य नेमबाज दुसऱ्याच काडतुसांनी स्पर्धा लढवत राहिले. त्यांना काही कळत नव्हते असे नाही. काडतूस निवडण्याचा अधिकार मुळात त्यांच्याकडे नव्हता, तो सैन्याच्या कोठाराकडे होता.

1857 साली इंग्लंडमध्ये झालेल्या चाचण्या याचा पहिला पुरावा देतात. ब्रिटिश सैन्याची एनफील्ड रायफल .577 इंच व्यासाची होती. मँचेस्टरचे यंत्रविशारद जोसेफ व्हिटवर्थ यांनी तिच्यासमोर .451 इंचाची षट्कोनी नळीची रायफल उभी केली. दोन्हींची गोळी 530 ग्रेनची, म्हणजे सुमारे 34 ग्रॅमची, आणि दारूही जवळपास सारखीच. फरक होता तो आकारात. व्हिटवर्थची गोळी बारीक आणि लांब होती, आणि ती स्थिर राहावी म्हणून दर 20 इंचांत तिला एक पूर्ण फेरा मिळत होता; एनफील्डमध्ये तोच फेरा 78 इंचांत पूर्ण होई. 500 यार्डांवर एनफील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन 2.24 फूट भरले, व्हिटवर्थचे 0.37 फूट. शिसे तेवढेच, दारू तेवढीच, आणि अचूकता सहापट. हवेला सामोरे जाणारे तोंड लहान केले की गोळी आपला वेग टिकवून धरते, हे तत्त्व यापेक्षा स्वच्छपणे सिद्ध होणे कठीण होते. सैन्याने ती रायफल नाकारली. तिची किंमत फार होती आणि बारीक नळीत जळक्या दारूचा मळ लवकर साचत असे. युद्धभूमीवरच्या शिपायाच्या दृष्टीने ही कारणे रास्तच होती, पण निशाणावर नेम धरणाऱ्याचा प्रश्न वेगळा होता.

नेमबाजाला मोकळीक मिळाली तिथे त्याने काय निवडले, हेही पाहावे. ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन 1859 मध्ये स्थापन झाली आणि 1860 मध्ये विम्बल्डनच्या तिच्या पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थ रायफलीचा बार काढून केले. पुढे 800, 900 आणि 1000 यार्डांच्या खुल्या स्पर्धांत बारीक नळीच्याच रायफली वावरू लागल्या. 26 सप्टेंबर 1874 रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिका आणि आयर्लंड यांचे संघ भिडले. अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स रायफली होत्या, आयरिशांकडे डब्लिनच्या रिग्बीने घडवलेल्या, तोंडातून भरायच्या. अमेरिका 934 विरुद्ध 931 अशी जिंकली आणि मागून भरायच्या रायफलीचा विजय म्हणून हा सामना गाजला. आकडे मात्र या निष्कर्षाला फारसा आधार देत नाहीत. एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या निशाणाच्या मध्यभागी बसली आणि हक्काचे चार गुण गेले. ते मिळाले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. दोन्ही पद्धती जवळपास बरोबरीत राहिल्या, कारण दोन्हींतून सुटणारी गोळी एकाच कुळातली होती: साधारण 11 मिलिमीटर व्यासाची, लांब, पाचशे ग्रेनच्या पुढची. त्या काळच्या अमेरिकन सैन्याच्या .45-70 काडतुसात 405 ग्रेनची आखूड गोळी होती. स्पर्धकांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही.

ही मोकळीक बिनधुराच्या दारूने संपवली. 1880 च्या दशकानंतर काडतूस हा कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनणारा, देशोदेशी सरकारने ठरवून दिलेला माल झाला: ब्रिटनमध्ये .303, अमेरिकेत 1906 पासून .30-06. नेमबाजीच्या संस्थाही नागरिकाला सैन्याच्या उपयोगी पडेल असा नेमबाज बनवण्यासाठीच जन्मल्या होत्या. त्यामुळे सैन्याचे काडतूस हेच स्पर्धेचे काडतूस, हा नियम त्यांना स्वाभाविक वाटला. सैन्याच्या गरजा कशा बदलत आणि त्यांचे स्पर्धेच्या मैदानाशी नाते किती ढिले होते, हे .30-06 च्या गोळीवरून दिसते. पहिल्या महायुद्धात मशीनगनने दूरवर मारा करताना अमेरिकनांच्या लक्षात आले की त्यांची 150 ग्रेनची सपाट बुडाची गोळी सांगितलेल्या 4700 यार्डांच्या किती तरी अलीकडेच पडते. म्हणून 1920 च्या दशकात बूड निमुळते केलेली 172 ग्रेनची गोळी आली, आणि दूर पल्ल्याच्या नेमबाजांचे आपोआप भले झाले. पुढे हीच गोळी इतकी लांब जाऊ लागली की सरावाच्या अनेक मैदानांची सुरक्षित हद्द तिला पुरेना. 1940 च्या सुमारास सैन्य पुन्हा हलक्या, सपाट बुडाच्या गोळीकडे वळले. गोळी आली ती मशीनगनसाठी आणि गेली ती मैदानाच्या कुंपणासाठी.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेच घडले. ब्रिटनने .280 इंच, म्हणजे 7 मिलिमीटर व्यासाचे बेताच्या धक्क्याचे काडतूस तयार केले होते. अमेरिकेच्या आग्रहाखातर नाटोने 7.62 गुणिले 51 हे काडतूस घेतले आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बिस्लेच्या नेमबाजी मैदानावर .303 ची जागा त्याने घेतली. नागरी बाजारात ते .308 विंचेस्टर म्हणून ओळखले जाते. दूर पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय पाल्मा स्पर्धेत आजही मुख्यतः 155 ग्रेनच्या गोळीसह तेच वापरतात. हजार यार्डांवर पोहोचेपर्यंत या गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ उतरतो, आणि ती सीमा ओलांडताना गोळी डगमगू शकते. म्हणून स्पर्धकांनी नळ्या 30 इंचांपर्यंत लांब केल्या आणि या एका पल्ल्यासाठी खास गोळ्या घडवून घेतल्या. हे कौशल्य कौतुकाचे आहे, पण ते दुसऱ्याने लादलेल्या मर्यादेतून वाट काढण्याचे कौशल्य आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, मोकळीक मिळाल्यावर नेमबाज बारीक गोळीकडे नव्हे, तर जास्त दारूकडे धावले. 1935 मध्ये बेन कम्फर्ट यांनी अमेरिकेतल्या कॅम्प पेरी येथे हजार यार्डांचा विम्बल्डन कप .300 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम वापरून जिंकला आणि त्यानंतर मॅग्नम काडतुसांची लाट आली, हे खरे आहे. पण जास्त दारूची किंमत धक्क्यात आणि लवकर झिजणाऱ्या नळीत मोजावी लागते, आणि दिवसभराच्या स्पर्धेत पन्नासावी गोळी पहिल्या गोळीइतकीच शांतपणे सोडावी लागते. काळाचा निकाल रायफल टेकूवर ठेवून खेळल्या जाणाऱ्या, दूर पल्ल्याच्या एफ-क्लास स्पर्धांत स्पष्ट दिसतो. तिथल्या खुल्या गटात 8 मिलिमीटरपर्यंतचा कोणताही व्यास चालतो. तरीही बहुतेक जण .284 विंचेस्टरसारख्या 7 मिलिमीटरच्या, मध्यम दारूच्या काडतुसांवर स्थिरावले. त्याच मैदानावरचा दुसरा गट नियमाने .308 आणि .223 यांच्यात बांधलेला आहे. एकाच वाऱ्यात खेळणारे हे दोन गट पाहिले की निवड कुठे नेमबाजाची आहे आणि कुठे नियमाची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सर्वांचे काडतूस एकच असले तर स्पर्धा पैशाची न राहता माणसाची राहते. वारा वाचण्याची कला काडतूस शिकवत नाही. हे मान्य करायलाच हवे, आणि पाल्माचा नियम टिकण्याचे आजचे समर्थनीय कारण तेच आहे. परंतु समान काडतूस हवे यावरून ते सैन्याचेच हवे असे सिद्ध होत नाही. ऑलिंपिकच्या 50 मीटर प्रकारात सर्वांना .22 लाँग रायफल हेच काडतूस असते आणि त्याचा कोणत्याही युद्धाशी संबंध नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच काडतुसावर. स्पर्धेसाठी बनणाऱ्या या गोळीचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, म्हणजे ती सीमा वाटेत ओलांडावीच लागत नाही. इथे समानता आहे आणि काडतूस निशाणाच्या गरजेतून घडलेले आहे.

दूर पल्ल्यासाठी असेच काडतूस सर्वदूर पोहोचायला 2007 साल उजाडले. स्वीडनसारख्या देशात सैन्यानेच 1890 च्या दशकात 6.5 मिलिमीटर व्यास स्वीकारल्यामुळे तिथल्या नागरी नेमबाजांना बारीक, लांब गोळी सहज मिळत आली होती. कोठाराने बरोबर निवडले तर नेमबाजाचा फायदाच होतो, एवढेच त्यातून दिसते. हॉर्नडी कंपनीच्या 6.5 क्रीडमूरचा उगम मात्र स्पर्धकांच्या तक्रारीत होता. बाजारातल्या सर्वसाधारण रायफलीत बसेल, कारखान्यातूनच अचूक मिळेल आणि धक्का कमी देईल असे काडतूस त्यांना हवे होते. .308 च्या 155 ग्रेनच्या नेहमीच्या पाल्मा गोळीचा हवेशी झुंजण्याचा गुणांक 0.45 च्या आसपास असतो, तर 6.5 च्या 140 ग्रेनच्या गोळीचा 0.646 पर्यंत जातो. हलकी असूनही ती वेग जास्त टिकवते आणि वाऱ्याने कमी वाहते. व्हिटवर्थने 1857 मध्ये जे दाखवले तेच हे गणित. दहा वर्षांतच अमेरिकेच्या विशेष दलांनी हे काडतूस चाचणीसाठी आणि मग वापरासाठी घेतले. सैन्याने ठरवायचे आणि मैदानाने वापरायचे, हा दीडशे वर्षांचा क्रम त्यामुळे पहिल्यांदाच ठळकपणे उलटला. म्हणून आज काडतूस निवडणाऱ्याने वेगाचा तक्ता उघडण्याआधी एक प्रश्न विचारावा: समोरचे काडतूस कोणाची अडचण सोडवण्यासाठी जन्मले? ती अडचण निशाणाची नसेल, तर उरलेले गणित कितीही बिनचूक असले तरी ते दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाचे उत्तर असते.